पैसा कुठं जात न्हाई

कोल्हारच्या राहीबाईला दर पगाराला कल्याणचा फोन यायचा. पगार म्हणजे दुधाचा पगार. तो दहा दिवसांनी होतो, आणि ज्या घरात गोठा आहे त्या घराचं पेंडीपासून आहेरापर्यंत सगळं त्याच्यावरच बेतलेलं असतं. फोन वाजला की राहीबाई शेणाचे हात लुगड्याला पुसायची आणि फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ऐकायची. बहुतेक वेळा निरोप छोटा असायचा: "राम राम. मी पोचमधून कल्याण बोलतोय. तुमचा पगार खात्यात पोचला." बँक कुठे अडखळली असेल तर मात्र लांबडा निरोप यायचा: "राम राम. मी पोचमधून कल्याण बोलतोय. तुमच्या दुधाचा पगार आमच्याकडं आलाय, बँकेत पाठवलाय. बँकेचं उत्तर यायचं हाय. पैसा कुठं जात न्हाई. जरा दम धरा."

दोन्ही निरोपांना राहीबाईचं उत्तर एकच. "बरं बाबा. जेवला का?"

पलीकडून काही ऐकू यायचं नाही, कारण पलीकडे कल्याण नव्हताच. ते रेकॉर्डिंग होतं. हे तिला गावातल्या शहाण्यांनी पुन्हापुन्हा समजावून सांगितलं, तिची चेष्टाही केली. "असू दे की," ती म्हणायची, "आवाज तर त्याचाच हाय ना? मंग इचारायला काय जातंय?"

आता हा कल्याण कोण, तर खर्ड्याचा. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा किल्ला बघायला लांबून लोक येतात, तटावर चढून फोटो काढतात आणि निघून जातात. तिथले बरेच लोकही दरवर्षी निघून जातात, पण ते फोटोसाठी नव्हे. दिवाळी झाली की भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरं ट्रकमध्ये घालायची आणि ऊस तोडायला प्रवरेच्या पट्ट्यात यायचं. कल्याणचा बाप छगन आणि आई असेच कोल्हारच्या बाजूला यायचे. राहीबाईच्या शेताच्या बांधाला त्यांची कोपी पडायची. कोपी म्हणजे चार बांबू आणि पाचट, त्यात अख्खा हंगाम काढायचा.

राहीबाईनं पोराकडे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ती छगनला म्हणाली, "लेकराला फडात कशाला नेताय? माझ्या पोरांसंगं साळंत जाईल. चार घास खाईल, गोठ्यात चार पाट्या शेण काढील." तेव्हापासून हंगाम असला की कल्याण तिच्याकडे. शाळेतून आला की ती गोठ्यातूनच हाक मारायची, "जेवला का रं?" तिची स्वतःची पोरं उपाशी असली तरी आधी हाक कल्याणला. परक्याच्या पोराला मागून खायची लाज वाटते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला कळत होतं.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशोब व्हायचा. म्हणजे व्हायचा नाही. मुकादम ट्रॅक्टरला टेकून उभा असायचा आणि छगन त्याच्यापुढे उकिडवा बसलेला असायचा. "चाललाय, छगन, हिशोब चाललाय. होतंय." सकाळी तेच, दुपारी तेच. कल्याण बापाच्या पाठीमागे उभा राहून ऐकायचा. शेवटी काय निघालं हे त्याला कधी आठवायचं नाही. आठवायचं ते बापाचं बसणं. पैसे कमी मिळण्यापेक्षा, आपले पैसे नेमके कुठे आहेत हे न कळता बसून राहणं वाईट असतं, हे त्याला तिथे कळलं. पुढे तो जे शिकला ते या एका गोष्टीवर उपाय म्हणूनच शिकला म्हटलं तरी चालेल.

संगमनेरच्या कॉलेजात त्याला राधाकृष्ण भेटला. राधाकृष्ण बागायतदाराचा मुलगा. इस्त्रीचे कपडे, मधाळ बोलणं, सरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या खांद्यावर हात. असल्या मुलांशी कल्याण चार हात लांबूनच वागायचा. पण तिसऱ्या वर्षाला त्याची आई गेली, आणि हा बागायतदाराचा मुलगा मोटारसायकलवर खर्ड्याला आला. आला तो दहाव्यापर्यंत राहिला. बोअरवरून पाणी आणलं, पाहुण्यांना चहा दिला, छगनच्या शेजारी घोंगडीवर झोपला. त्यानंतर कल्याणच्या लेखी तो मित्र उरला नाही, भाऊ झाला. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला तरी या दहा दिवसांतच दिसतं. एवढं केलेल्या माणसावर कोण पहारा ठेवतो?

शिक्षण झाल्यावर कल्याण पुण्यात एका कंपनीत लागला. दुकानदारांना आणि हॉटेलवाल्यांना ऑनलाइन पैसे घेण्या-देण्याची सोय करून द्यायची, हे त्या कंपनीचं काम. तिथे त्यानं पाहिलं की पैसा तारेतून वाहताना वाटेत पडतो, दोनदा जातो, भलत्याच्या दारात जाऊन बसतो. तो हे सगळं सुट्टीला आला की राधाकृष्णाला रंगवून सांगायचा. एका सुट्टीत राधाकृष्ण म्हणाला, "हॉटेलवाल्यांचं पुणं बघून घेईल. आपल्याकडं हजारो लोक दूध घालतात. त्यांचे पगार आपण पोचवू." कंपनीचं नावही त्यानंच ठेवलं, 'पोच'. कल्याणनं पुण्याची नोकरी सोडली. डेअऱ्या आपापल्या पगाराची सगळी रक्कम 'पोच'च्या खात्यात भरणार, आणि 'पोच' ती गावोगावच्या दूध घालणाऱ्यांच्या खात्यात धाडणार, असं ठरलं. माणसं सांभाळणं राधाकृष्णाकडे, यंत्रणा कल्याणकडे.

सुरुवातीलाच मच्छिंद्रनं दणका दिला. मच्छिंद्र हा कोल्हारच्या दूध संकलन केंद्राचा सचिव. दुधाची फॅट लावण्यात, म्हणजे मोजण्यात, हात बसलेला, पण कॉम्प्युटरशी नातं सासऱ्याशी असावं तसं, दबकून. त्यानं पगाराचं बटण दाबलं. पडद्यावरचं चाक गरगरत राहिलं. विहिरीवरची मोटर उचलली नाही की माणूस काय करतो? स्टार्टरचं हिरवं बटण पुन्हा दाबतो. मच्छिंद्रनं तेच केलं, आणि तरी मोटर उचलेना म्हणून आणखी एकदा केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या खात्यात तीन-तीन पगार. गावानं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. जादा गेलेले पैसे पुढच्या पगारातून कापायचं ठरलं, तर काही बहाद्दरांनी दूधच दुसऱ्या केंद्रावर न्यायला सुरुवात केली.

राधाकृष्ण मच्छिंद्रवर भडकला. कल्याण मात्र म्हणाला, "बटण दाबणाऱ्याची चूक नाही. दुसऱ्यांदा दाबलं तर दुसऱ्यांदा पैसे जातात, ही बांधणाऱ्याची चूक आहे."

मग त्यानं सगळं नव्यानं बांधलं. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक पगाराला एक नंबर. तो नंबर एकदा गेला की गेला. मच्छिंद्रनं दिवसभर बटणावर ठाण मांडलं तरी यंत्रणा म्हणणार, हा पगार मी घेतलाय, पुन्हा घेणार नाही. त्या नंबरापुढे पडद्यावर तीन दिवे. हिरवा म्हणजे पोचला. तांबडा म्हणजे परत आला. आणि पिवळा, ज्याचा कल्याणला सगळ्यात जास्त अभिमान होता. पैसे पाठवले आणि बँकेचं उत्तर यायच्या आत लाईन तुटली, तर पैसे गेले की नाही गेले? बाजारातली बरीच सॉफ्टवेअरं अशा वेळी ठोकून देतात, झालं म्हणून किंवा फसलं म्हणून. कल्याणची यंत्रणा खरं सांगायची: मला अजून माहीत नाही, मी बँकेला विचारतेय, उत्तर आलं की सांगते. "माहीत नसताना माहीत नाही म्हणायला जिगर लागते," तो नव्या पोरांना शिकवायचा. बोलताना कधी त्याला ट्रॅक्टरला टेकलेला मुकादम दिसायचा.

स्वतःच बांधलेली वस्तू तो दुष्मनासारखी तपासायचा. पगार निम्मा गेला असताना नेटची वायर उपटायचा, मशीनची वीज घालवायचा, बँकेकडून मुद्दाम चुकीचं उत्तर आलंय असं भासवायचा. बँकेवर त्याचा विश्वास नव्हता, विजेवर नव्हता, टॉवरवर नव्हता, मच्छिंद्रच्या बोटावर तर मुळीच नव्हता. फक्त एका जागी त्यानं वेगळा दिवा लावला नाही. डेअरीचा पैसा 'पोच'च्या खात्यात यायचा आणि तिथून पुढे जायचा. हा मुक्काम डोळ्याचं पातं लवतं तेवढाच. तेवढ्यासाठी काय वेगळा दिवा लावायचा? त्यानं तो मुक्कामही पिवळ्यातच धरला. आपल्याच घरात पैसा कोण अडवणार, असा विचारही त्याच्या मनाला शिवला नाही.

आता आवाजाचं. दिवे दिसायचे मच्छिंद्रला. दूध घालणाऱ्यांना मेसेज जायचे आणि ते कुणी वाचायचं नाही. मग पुण्याच्या एका बाईंच्या गोड आवाजात फोन लावून पाहिले, तर लोक कर्जाची जाहिरात समजून कट करायचे. राधाकृष्ण म्हणाला, "तुझाच आवाज घालू." नाशिक-पुणे रस्त्याचा गोंगाट नको म्हणून दोघं राधाकृष्णाची गाडी आडबाजूला लावून, काचा वर करून बसले. कल्याण घामाघूम झाला. आधी त्यानं 'पैसा कुठेही जात नाही' असं पुस्तकी म्हणून पाहिलं. राधाकृष्ण हसायला लागला. "अरे, असं बोललास तर लोकांना वाटेल बँकेचा वसुलीवाला आलाय. राहीमावशीशी बोलतोस तसं बोल." मग कल्याण डोळे मिटून राहीमावशीशी बोलला. एकदाच, आणि तेच ठेवलं गेलं.

त्या आवाजानं जादू केली, यात शंका नाही. पिवळा दिवा लागला की केंद्रावर पूर्वी आरडाओरडा व्हायचा, तो थांबला. लोक एकमेकांना सांगायचे, कल्याणचा फोन आला होता, येतील पैसे. आणि पैसे यायचेच. कधी तासात, कधी दुसऱ्या दिवशी, पण यायचेच. कल्याणनं यंत्रणा बांधली तशी माणसांना सवयही लावली. पिवळ्याला भ्यायचं नाही, दम धरायचा.

'पोच' वाढली. डेअऱ्या जोडल्या गेल्या, काचेचं ऑफिस झालं, राधाकृष्णाच्या खोलीला दार आलं. एक दिवस त्यानं कल्याणला सांगितलं, "दुधाचं बसलंय आता. ते नवी पोरं बघतील. तू किराणा दुकानदारांचं नवीन काम हातात घे, तिथं तुझ्यासारखा माणूस पाहिजे." कल्याणला ते कौतुकच वाटलं. घरी येऊन त्यानं बापालाही सांगितलं. छगन आता संगमनेरला त्याच्याकडेच राहायचा. कोयता सुटून वर्षं झाली होती, तरी हाताची मूठ कोयता धरल्यासारखीच अर्धवट वळलेली असायची.

मग एका दुपारी मच्छिंद्रचा फोन आला. "इंजनेरसायेब, तुमचा दिवा औंदा लईच पिवळा राहायलाय. मागला पगार बी लांबला हुता."

"बँकेचं काहीतरी असेल," कल्याण म्हणाला. दुकानदारांच्या कामात त्याचं डोकं अडकलं होतं. "पैसा कुठं जात न्हाई, मच्छिंद्रभाऊ. जरा दम धरा." हे तो स्वतःच्या जिवंत तोंडानं बोलला, आणि पुढे कित्येक दिवस त्याला हेच सगळ्यात जास्त डाचत राहिलं.

पुढचा पगारही अडकला तेव्हा मच्छिंद्र फोन न करता थेट संगमनेरला येऊन ऑफिसात उभा राहिला. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही. "लोकं केंद्राला कुलूप लावायला निघाले हुते," तो म्हणाला. "राहीबाईनं आडवलं. दारात हुबी राहिली. म्हनली, कल्याण म्हनतोय ना पैसा कुठं जात न्हाई, मंग जात न्हाई. आमच्या घरात वाढल्यालं पोरगं हाय ते. तिच्या तोंडाकडं बघून लोकं माघारी गेले."

"मग?"

"मंग काय? पेंडवाल्यानं उधारी बंद केली. गायांना घालायला काय न्हाई. तिनं कालवड इकली. गाभण हुती, पुढल्या महिन्यात व्यायची हुती. पार लोनीच्या बाजारात निऊन इकली. गावात इकली तर लोकं म्हनतील, कल्याणचं ऐकून बसली आन् कालवड घालवली. म्हनून लोनीला नेली."

कल्याण उठला आणि दुधाचं सगळं काम उघडून बसला. नव्या पोरांना त्यानं बाहेर पाठवलं. खरं सांगायचं तर तो चूक शोधत नव्हता, तो स्वतःची चूक शोधत होता. एखादा धागा आपण सैल सोडला असेल, एखादं उत्तर वाचायचं राहिलं असेल. आपलीच चूक निघावी असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं तशी कोल्हारच्या भगवतीला मनात विनवणीही केली. अडकलेल्या पगारांचे नंबर घेऊन त्यानं बँकेला विचारलं, ह्यांचं उत्तर का देत नाही? बँकेनं लगेच उत्तर दिलं. हे पगार आमच्याकडे कधी आलेच नाहीत.

पिवळ्या दिव्यामागे बँक नव्हतीच. त्यानं जिथे दिवा लावला नव्हता, त्या मुक्कामावर एक नवी पायरी बसवली होती. पैसा पुढे कधी सोडायचा ती तारीख तिथे हातानं भरायची, आणि भरणाऱ्याचं नाव तिथेच दिसत होतं. राधाकृष्ण. आधी एक दिवस, मग दोन, मग आठवडा. तोवर लोकांचा पैसा त्याच्या हातात, आणि लोकांच्या कानात कल्याण.

कल्याण काचेच्या खोलीत गेला तेव्हा राधाकृष्णानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि ओळखलं. लपवाछपवी केली नाही. "बस," तो म्हणाला. "चहा सांगू?"

"मावशीनं कालवड विकली."

"कोण मावशी?"

राहीमावशीशी बोलतोस तसं बोल, असं ज्यानं गाडीत बसून सांगितलं होतं, त्याच्या ती मावशी लक्षातही नव्हती.

"हे बघ," राधाकृष्ण बोलू लागला, "बायपासला जमिनीचा सौदा होता. आठ दिवसांची गोष्ट होती, ती लांबली. पैसे पडूनच असतात ना मध्ये? फिरवले थोडे. कुणाचा एक रुपया बुडालाय का? उशीर झालाय फक्त. काच, एसी, तुझा पगार, हे कुठून येतं असं वाटतं तुला?"

"लोकांना सांगितलं बँकेत पाठवलाय म्हणून. माझ्या आवाजात सांगितलं."

"मग कुणाच्या आवाजात सांगणार? तुझा आवाज ऐकला की लोक गप बसतात, कल्याण. आपल्याकडं विकायला दुसरं आहे काय? सॉफ्टवेअर उद्या कुणीही बनवील."

कल्याणला ओरडायचं होतं. टेबलावरचं काचेचं पेपरवेट उचलून भिंतीवर मारायचं होतं. त्याऐवजी त्याच्या डोळ्यांपुढे खर्ड्याचं अंगण आलं, बोअरवरून खांद्यावर घागर आणणारा हा माणूस आला, आणि त्याला वाटलं, तेही असंच होतं का? आपलं तोंड, आपला आवाज, आपला भरवसा कधीतरी कामाला येईल म्हणून आणलेली घागर होती का ती? फसवणाऱ्या माणसानं पुढचंच नव्हे तर मागचंही नेलेलं असतं. आईचे ते दहा दिवसही आता त्याला तसेच्या तसे आठवता येणार नव्हते.

"परवापर्यंत सगळं सोडतो," राधाकृष्ण दाराशी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "तुझा आवाज तर आजच फोनवरून काढतो, बस? फक्त बाहेर बोलू नकोस. डेअऱ्या पळाल्या तर मग खरंच बुडतील लोक, आणि ते पाप तुझ्या माथी. बघ बाबा."

पायऱ्या उतरता उतरता कल्याणनं राहीबाईला फोन लावला. तिनं उचलला. "राम राम. मी कल्याण बोलतोय..." एवढंच म्हणाला आणि पुढचं कुठून सांगावं ते जुळवू लागला.

"बरं बाबा," राहीबाई म्हणाली. "जेवला का?" आणि फोन ठेवून दिला. उत्तर कधीच येत नसल्यानं तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

घरी जाऊन त्यानं बापाला सगळं सांगितलं. छगन भिंतीला टेकून ऐकत होता. "तुमच्या मुकादमासारखंच केलं आण्णा त्यानं," कल्याण शेवटी म्हणाला.

छगननं मान हलवली. "न्हाई. मुकादम सोताच्या तोंडानं खोटं बोलायचा. ह्यानं तुझं वापारलं."

"बोललो तर लोकांचे पैसे बुडतील म्हणतो."

"आन् न बोलला तर?" छगन म्हणाला. "मुकादम बी असंच म्हनायचा. गप बसा, न्हाईतर हाय ते बी जाईल. आमी गप बसलो. काय ऱ्हायलं?" मग तो म्हणाला, "राहीबाईच्या दारात मला त्वांड घिऊन जायाचं हाय अजून. तिचं खाल्लंय आपुन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याण लोणीवरून कोल्हारला गेला. दुधाची वेळ होती. केंद्रापुढे किटल्या आणि कॅन घेऊन माणसं रांगेत उभी होती, मच्छिंद्र फॅट लावत होता. रांगेत मधोमध राहीबाई, हातात चरवी. पूर्वी तिच्याकडे कॅन असायचा. पोटभर पेंड नाही म्हटल्यावर गायींनीही हात आखडला होता. त्याला पाहून तिचा चेहरा खुलला. "आला का रं!" ती म्हणाली, आणि रांगेतल्या लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "बघा. म्हनलं हुतं ना, येईल म्हनून!"

हे ऐकून पुढचं बोलणं आणखी जड झालं. पण तो बोलला. पायरीवर उभा राहून, कुठलाही आडपडदा न ठेवता बोलला. पगार बँकेत गेलेलेच नाहीत. बँकेचा काही दोष नाही. आमच्याच ऑफिसात ते अडवले होते, माझ्या भागीदारानं वापरले. फोनवर माझा आवाज जे सांगत होता ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण आवाज माझा होता. तुमच्या डेअरीला सांगा, पैसे 'पोच'कडे भरू नका, आणि अडकलेले परत मागा. मी तुमच्या बाजूनं लिहून देतो, पोलिसात यायला तयार आहे.

एक म्हातारा पुढे आला आणि खरोखरच समजून घ्यायचं म्हणून त्यानं विचारलं, "मंग आता जे बोलतोय ते खरं कशावरून?"

वीज, टॉवर, बँक, सगळ्याची परीक्षा कशी घ्यायची ते कल्याणला ठाऊक होतं. आपल्या बोलण्याची परीक्षा लोकांनी कशी घ्यावी हे त्यानं कधी ठरवलंच नव्हतं. तो उत्तर जुळवत होता, तेवढ्यात रांगेतला एक फोन वाजला. मग दुसरा. मग पायरीपासून पार रस्त्यापर्यंत खिशाखिशांत, पिशव्यापिशव्यांत फोन वाजू लागले. आज नव्या पगाराचा दिवस होता. तोही अडला होता, आणि अडला की फोन आपोआप जातो, ही सोय त्यानंच केली होती. आवाज आजच काढतो, असं राधाकृष्ण काल खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता.

"उचलू नका," कल्याण म्हणाला. पण फोन वाजला की उचलायची सवय त्यानंच लावली होती. लोकांनी फोन तोंडासमोर धरले. राम राम. मी पोचमधून कल्याण बोलतोय. एकाचं संपत आलेलं, दुसऱ्याचं सुरू होणारं. बँकेत पाठवलाय. पैसा कुठं जात न्हाई. राहीमावशीशी बोलावं तसा तो सगळ्यांशी बोलत होता, आणि लोक एकदा फोनकडे बघत होते, एकदा पायरीवर उभ्या असलेल्या त्याच्याकडे.

राहीबाईच्या कमरेची पिशवीही वाजत होती. तिनं चरवी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, फोन काढून समोर धरला आणि सगळं ऐकलं, अगदी जरा दम धरापर्यंत. मग तिनं मान वर करून कल्याणकडे पाहिलं. तो पायरी उतरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिनं फोन पिशवीत टाकला, चरवी उचलली आणि मच्छिंद्रच्या खिडकीकडे न जाता दूध तसंच घेऊन घराकडे चालू लागली. त्या दिवशी तिनं फोनमधल्या आणि समोरच्या, दोघांपैकी कुणालाच जेवला का म्हणून विचारलं नाही.